तिसरा लिफाफा

सातारा
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय संज्या,

गणपतीत आलेल्या तुझ्या मेसेजला अजून उत्तर दिलं नाही, म्हणून आधी चार शिव्या घाल. घातल्यास? आता ऐक. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच.

मी मास्तर झालोय! हसू नकोस. नव्याने नोंदणी झालेल्या सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना निविदा कशी भरायची ते शिकवायला दर शनिवारी मला बोलावतात. समोर तीस पोरं. निम्मी तर आपल्याच कराडच्या कॉलेजातली.

पहिले दोन शनिवार मस्त गेले. डिजिटल सही, तो डोंगल, अनामत, दोन लिफाफे. तांत्रिक आधी उघडतो, त्यात पास झालात तरच आर्थिक. बी-1 निविदा म्हणजे अंदाजपत्रकी रकमेवर एकच टक्का भरायचा, वर नाहीतर खाली. सुशिक्षित बेरोजगार, मजूर संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात कामं वाटली जातात, हे सांगितल्यावर एकाने विचारलं, ‘सर, तुम्ही अजून बेरोजगारच का?’ मी म्हटलं, बायकोला विचार.

काल दर पृथक्करण घेतलं, म्हणजे कामाचा दर कशाकशाचा मिळून बनतो ते. खडी, सिमेंट, मजुरी, वाहतूक, नफा असे फळ्यावर रकाने पाडले. मागच्या बाकावरचा एक पोरगा, चेहऱ्याने अगदी गरीब, वही उघडून बसलेला. हात वर करून म्हणतो, ‘सर, बाकीचं किती टक्के धरायचं?’

वर्ग हसला. तो नाही हसला. त्याला खरंच रकाना भरायचा होता रे.

मी काय केलं असेल? घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चहा घेऊन या.

चहानंतर सरळ दोषदायित्व कालावधीवर उडी मारली. काम संपल्यावरही ते फुटलं तर आपल्याच पैशाने दुरुस्त करायचं, वगैरे. पोरगा खाली मान घालून लिहीत होता. त्याने तो रकाना कोरा ठेवला की स्वतःच्या मनाने आकडा टाकला, तेवढं मला दिसलं नाही. काल रात्रभर डोक्यात तेच.

‘धरू नकोस’ म्हणावं, तर खोटं बोललो. ‘धर’ म्हणावं, तर तीस पोरांना मीच शिकवलं. आणि अमुक टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली, भरून त्यातून हेही भागवायचं, म्हणजे सिमेंट कुठून कमी होतं ते मोरीला विचार.

हो, मोरीच. आपण बांधलेली, खिंडीतल्या रस्त्याखालची. साडेअकरा टक्के बिलो तू भरलं होतंस, मी नाही, हे आज पुन्हा लिहून ठेवतो. मी म्हणत होतो सहा. पण एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकावर, साहेबांची सही अडली तेव्हा तुला न सांगता कोण गेलं होतं, तेही मला माहीत आहे. ‘दोन लिफाफ्यांची पद्धत आहे, तिसरा तू आणलास,’ असं म्हणून तू स्कूटरला किक मारलीस. ती चालू झाली नाही, म्हणून ढकलत गेलास. मला तेव्हाही हसू आलं होतं. सांगायची हिंमत आत्ता होतेय.

तेव्हा म्हणायचो, बिल निघालं नसतं तर सिमेंटवाल्याने आपल्याला विकलं असतं. अजूनही तसंच वाटतं. पण हे त्या पोरासमोर फळ्याजवळ उभं राहून म्हणता येत नाही.

मस्कतला उकाडा कसा आहे? चिनूला इंजिनिअरिंगला घालणार म्हणे. तुझं तू बघ. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. त्या मोरीच्या हिशोबाची लाल डायरी तू रागाने उचलून नेली होतीस. टाकली नसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. शेवटच्या पानावर सगळा खर्च मांडून एका रकमेपुढे तू नाव न लिहिता नुसती तिरकी रेघ मारली होतीस. त्या पानाचा फोटो काढून पाठव. शनिवारच्या आत.

तुझा,
बाळ्या

ता.क. सहा टक्केच बरोबर होते.