मित्रास पत्र: ब्राउन्सचा बेचाळिसावा

क्लीव्हलँड, ओहायो
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

काल आम्ही जिंकलो. आम्ही म्हणजे ब्राउन्स, इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ. अकरा सामन्यांत हा तिसराच विजय, पण रात्री झोप लागली नाही म्हणून लिहायला बसलोय.

इथला फुटबॉल आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. चेंडू लांबट, आणि तो हातात घेऊन खेळायचा. जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्यानं चेंडू नेमका आपल्या माणसाकडे फेकायचा. तोच डळमळीत असला की बाकीचा संघ कितीही तगडा असो, उपयोग नाही. आमचा बचाव तर इतका तगडा, की काल लास वेगासमध्ये त्यांनी रेडर्सच्या क्वार्टरबॅकला दहा वेळा लोळवलं.

१९९५ च्या हंगामानंतर मालकानं संघ बाल्टिमोरला नेला. गाव भांडलं, नाव आणि रंग राखले, आणि १९९९ मध्ये ब्राउन्स परत उभे राहिले. तेव्हापासून काल खेळलेला शडूर सँडर्स हा सुरुवातीपासून उतरलेला बेचाळिसावा क्वार्टरबॅक. बेचाळीस, संज्या!

यात मला सर्वांत जास्त लागलेला घाव बेकर मेफिल्डचा. २०१८ मध्ये त्यानं ६३५ दिवसांचा विजयाचा दुष्काळ संपवला, जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर ४८-३७ हरवलं. पुढच्या हंगामात खांदा दुखावलेला असताना तो खेळत राहिला. आणि मार्च २०२२ मध्ये संघानं नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या आपल्या तीन संधी देऊन, २३ कोटी डॉलरची हमी देऊन डेशॉन वॉटसन हा दुसरा क्वार्टरबॅक आणला. वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले होते. लीगनं ११ सामने बंदी घातली. त्या वर्षी मी जर्सी कपाटात टाकली. मेफिल्ड टँपाच्या संघात जाऊन पुन्हा उभा राहिला.

यंदा चाळिशीच्या जो फ्लॅकोनं सुरुवात केली, चार सामन्यांनंतर त्याला बाहेर बसवला आणि सिनसिनाटीच्या संघाला देऊन टाकला. मग डिलन गेब्रियल. त्याच्या डोक्याला मार बसला तेव्हा सँडर्स उतरला, सोळा फेकींपैकी चारच लागल्या. लोक त्याच्यावर तुटून पडले. पण काल तोच पोरगा २४-१० जिंकला. कारकिर्दीतला पहिला सामना सुरुवातीपासून खेळून जिंकणारा ब्राउन्सचा क्वार्टरबॅक १९९५ नंतर झालाच नव्हता.

भीती आहे ती एप्रिलची. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीच्या दोन संधी आमच्याकडे आहेत, एक आपली, एक जॅक्सनव्हिलकडून मिळालेली. मालक पुन्हा नवा तारणहार शोधतील आणि हाही पोरगा अडगळीत जाईल. माझं मन सांगतं, उरलेले सहाही सामने यालाच द्या, आणि त्या संधी वापरून त्याला वाचवायला पुढे उभ्या राहणाऱ्या गड्यांची भिंत भक्कम करा. पडझडीच्या भिंतीमागं कोणता पोरगा टिकेल?

आपल्या पेठेतल्या त्या गोलकीपरनं पहिल्याच सामन्यात तीन गोल खाल्ले होते, आठवतंय? आपण पोरं त्याला शिव्या घालत होतो. वस्तादांनी कुणाचं ऐकलं नाही, अख्खा हंगाम त्यालाच उभा केला. काल रात्री वस्ताद फार आठवले.

रविवारी सॅन फ्रान्सिस्कोचा संघ इथं येतोय. मैदान सरोवराला लागूनच आहे, वारा हाडं गोठवतो. जर्सी बाहेर काढून ठेवलीय. काकूंना नमस्कार सांग, आणि तालमीत यंदा नवीन कोण पोरं आलीत ते सविस्तर लिही.

तुझा,
अव्या