रेकॉर्डी रंगवू नका, आधी ऐका

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या आवराआवरीनिमित्त टाकाऊतून टिकाऊ वस्तूंचं पान आलं. त्यात जुन्या रेकॉर्डींवर वारली काढून त्या भिंतीला लावायला सांगितलं आहे. दुसरी कृती अशी की, रेकॉर्ड ओव्हनमध्ये तापवून वाडग्यावर पालथी घालायची, म्हणजे फराळ ठेवायला चुण्यांच्या काठाचं भांडं तयार. फोटोतल्या रेकॉर्डचं लेबलसुद्धा रंगाखाली गेलंय, ती कोणाची होती हे कळायला मार्ग उरलेला नाही. वर असा सल्ला दिलाय की हिंदी सिनेमाच्या आणि नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी जपाव्या, इंग्रजी धांगडधिंग्याच्या मात्र खुशाल वापराव्या. हा सल्ला वाचून शेकडो घरांतले सज्जे या आठवड्यात रिकामे होतील, म्हणून घाईने लिहितो आहे.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. आयुष्य डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बसवण्यात आणि पॉवर प्रेसच्या आवाजात गेलं. ज्याला धांगडधिंगा म्हटलं आहे, त्या ब्रिटिश हेवी मेटलच्या, म्हणजे जड गिटारच्या रॉक संगीताच्या, रेकॉर्डी मी तरुणपणापासून जमवतो. वडील रेल्वेत होते, अजनीच्या क्वार्टरांत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा अंकलनी काही रेकॉर्डी माझ्या हातात दिल्या. त्यातली एक कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघालेली, डीप पर्पल या बँडची 'मशीन हेड'. दुसरी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडची.

या संगीताचा उगम आमच्यासारख्यांच्या कारखान्यात आहे, हे नागपूरच्या वाचकांना कोणी सांगितलंच नाही. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला मशीनवर बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्रेस शॉपमध्ये ज्याने एकदा तरी असा अपघात पाहिला आहे, त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. घरी बसलेल्या त्या पोराला फोरमनने एक रेकॉर्ड आणून दिली, जँगो राइनहार्टची. त्या वादकाची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो गिटार वाजवायचा. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात उतरवल्या, आणि त्यातून तो जड, खोल आवाज पक्का झाला. एका फोरमनने दिलेल्या एका रेकॉर्डमुळे एवढं घडलं. म्हणून रेकॉर्ड ओव्हनमध्ये घालायचा सल्ला मला सहन होत नाही.

सॅबथचे गायक ऑझी ऑस्बर्न २०२५ च्या २२ जुलैला गेले. ते कधी काळी मोटारींचे हॉर्न जुळवायच्या कामावर होते. जाण्याआधी अडीच आठवडे, ५ जुलैला, ते आणि सॅबथचे मूळ तिन्ही साथीदार आपल्याच गावात, बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर शेवटचे वाजवून आले.

सॅबथची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ची. व्हर्टिगो कंपनी, नंबर व्हीओ ६, कव्हरवर मेपलडरहॅमची पाणचक्की आणि काळ्या कपड्यातली बाई. मूळ प्रतीच्या पहिल्या बाजूला लेबलवर नाव नसतं, काळ्या-पांढऱ्या रेषांचं भोवऱ्यासारखं चित्र असतं. रेकॉर्ड फिरायला लागली की ते डोळ्यांना आत ओढतं. पाऊस ऐकू येतो, लांब कुठे घंटा वाजते, मग गिटारवर तीन स्वर. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलीला विचारा, ती लगेच सांगेल: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. बस, एवढंच. त्या तीव्र मध्यमावर आयोमी हात थरथरवत थांबतो आणि खोलीतली हवा बदलते. माझ्या सुनेने मारवा रागाचं उदाहरण देऊन मला हे पहिल्यांदा समजावलं, तेव्हापासून ती बाजू मी अधिक समजून ऐकतो. सगळी रेकॉर्ड जेमतेम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. चुका दुरुस्त करायला वेळच नव्हता, आणि चार माणसं एका खोलीत वाजवताहेत हे त्यामुळेच कळतं.

पुढचे बँडही याच मातीतले. जुडास प्रीस्टची 'ब्रिटिश स्टील' १९८० च्या एप्रिलमध्ये आली. त्याच महिन्यात तिथल्या पोलाद कामगारांचा तीन महिन्यांचा संप संपला होता. त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन स्वतः ब्रिटिश स्टील याच नावाच्या पोलाद कंपनीत नोकरी केलेला. सॅक्सन बार्न्सलीचे, म्हणजे कोळसा खाणींच्या मुलखातले. आपल्या उमरेड-वणीच्या लोकांनी ते आवर्जून ऐकावेत. व्हेनम आणि रेव्हन या बँडच्या रेकॉर्डी काढणारी नीट रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी वॉल्सएंडची, जहाजं बांधणाऱ्या गावातली. आयर्न मेडन लंडनच्या पूर्व भागातले. त्यांची 'साउंडहाउस टेप्स' ही रेकॉर्ड १९७९ मध्ये ५,००० प्रतींची निघाली. डायमंड हेड या स्टूरब्रिजच्या पोरांनी १९८० मध्ये पहिली रेकॉर्ड स्वतःच्या हिमतीवर काढली, १,००० प्रती, आणि कव्हर कोरं पांढरं. पुढे अमेरिकेच्या मेटॅलिका या बड्या बँडने याच बँडची गाणी वाजवली. विचार करा, असं कोरं कव्हर नागपुरातल्या एखाद्या घरात निघालं तर आपल्या पानाच्या सल्ल्याने त्याचं सगळ्यात आधी काय होईल?

आणि अशा गोष्टी इथे निघतात. रेल्वे कॉलन्यांतून, परदेशी शिकून आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांतून त्या इतवारीतल्या कबाड्यांपर्यंत पोचतात. तिथे कव्हर रद्दीत जातं आणि रेकॉर्ड वेगळी पडते, कारण पुठ्ठ्याला किलोचा भाव आहे. "काका, विंग्रजी कोनीच घेत नाही, तुम्हीच न्या," असं म्हणून एकाने मला 'ब्रिटिश स्टील' दिली. बोटांत ब्लेड धरलेला हात असलेलं तिचं कव्हर ढिगात खाली शोधावं लागलं. सापडलं, ओलं नव्हतं, हे नशीब.

घरच्या इंग्रजी रेकॉर्डीची प्रत कधीची हे कोणालाही बघता येतं. खाचा संपून लेबल सुरू होतं तिथला गुळगुळीत पट्टा उजेडात तिरका धरा. त्यात बारीक आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. इंग्लंडच्या ईएमआय कंपनीच्या प्रतींत लेबलाच्या उजवीकडे साच्याचा क्रमांक अक्षरांत असतो: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, मग एम, ओ, पी, एच, एल, टी, आणि डी म्हणजे शून्य. ग्रामोफोन लिमिटेड या नावातलीच ही अक्षरं. माझ्याकडच्या मेडनच्या 'किलर्स'वर एकटं जी आहे, म्हणजे ती पहिल्या साच्यावरची. टूलरूमच्या माणसाला याचा आनंद काय असतो ते शब्दांत सांगणं अवघड आहे. प्रत्येक डायवर आम्हीही असाच नंबर पंच करायचो.

जपण्याचं म्हणाल तर नागपूरचा उन्हाळा या वस्तूचा वैरी. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या सज्ज्यावर मे महिन्यात रेकॉर्ड आडवी ठेवली की ती वाकणारच. खालच्या खोलीत, आतल्या भिंतीशी, पुस्तकासारखी उभी ठेवा. पण कूलरच्या झोतात नको, तिथल्या ओलीने कव्हरला बुरशी धरते आणि खसचा वास कायमचा बसतो. पुसायला बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ सुती कापड पुरे. स्पिरिट मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींना चुकूनही लावू नये, त्या लाखेच्या असतात, विरघळतात. आणि एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टा प्लेअरवर या इंग्रजी रेकॉर्डी वाजवू नयेत, त्याची सुई जड असते, खाच झिजवते.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, हे छापावं: रेकॉर्ड कोणत्याही भाषेची असो, आधी लेबल वाचा, वाजते का ते पाहा, आणि नको असेल तर ऐकणाऱ्याला द्या. रंगकाम करायचंच असेल तर तडा गेलेली घ्या.

सोबत दुसरी सूचना तातडीने द्यावी. या रेकॉर्डी पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या असतात. त्या काळच्या पीव्हीसीत टिकाऊपणासाठी अनेकदा शिशाची संयुगं घातलेली असत, आणि पीव्हीसी जास्त तापलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. घरातल्या ओव्हनमध्ये ते तापवणं आणि त्या भांड्यात लहान मुलांसाठी चिवडा-चकल्या ठेवणं, हे दोन्ही ताबडतोब थांबवायला सांगावं.

आपला,
एक जुना वाचक,
नंदनवन, नागपूर