बॉयलरच्या सुरक्षा वायरिंगबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : सामायिक बॉयलरचे सेन्सर व सुरक्षा सर्किट

सप्रेम नमस्कार.

बॉयलरला नवा डिजिटल कंट्रोलर बसतो आहे, त्याला माझा विरोध नाही. मात्र काम चालू असताना बॉयलर रूममध्ये पॅनेल उघडे पाहिले आणि हे पत्र लिहिणे भाग पडले.

पाणी कमी झाल्यावर बर्नर बंद करणाऱ्या स्विचच्या दोन टर्मिनलांवर बोटभर लांबीची लाल वायर जोडलेली आहे. म्हणजे स्विच जागेवर आहे, पण बायपास केलेला. बॉयलर कोरडा पडला तरी बर्नर जळत राहील. तापून लाल झालेल्या धातूवर पाणी पडले की क्षणात वाफ होते आणि पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे हे खरे, पण तो दाब सोडतो. कोरड्या बॉयलरखालची आग तो विझवत नाही. ‘सारखे ट्रिप होत होते, म्हणून जंपर (ती लाल वायर) टाकला,’ असे वायरमनने सांगितले. सारखे ट्रिप होते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे किंवा फ्लोट (पातळी ओळखणारा तरंगता भाग) अडकतो आहे. दुरुस्ती त्याची व्हायला हवी होती.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. वायरिंगच्या नव्या नकाशात लिमिट थर्मोस्टॅटची (तापमान मर्यादेबाहेर गेल्यास बर्नर थांबवणाऱ्या स्विचची) वायर फक्त कंट्रोलरच्या इनपुटला जाते. बर्नर बंद करायचा की नाही, ते कंट्रोलर ठरवणार. त्याच्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) कॉन्टॅक्ट चिकटला, तर तापमानाचे नियंत्रण आणि सुरक्षा दोन्ही एकदम जातील. लिमिट, पाण्याची पातळी, दाब आणि धुराड्याचा स्विच हे सगळे सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडलेले), थेट गॅस व्हॉल्व्हच्या सप्लायमध्येच हवेत. तेही असे, की सर्व ठीक असताना कॉन्टॅक्ट जोडलेला आणि बिघाड झाला की सुटलेला. मग वायर तुटली तरी बर्नर थांबतोच. लिमिटचा रीसेट हाताने, बॉयलरजवळ जाऊनच व्हावा. मोबाइलवरून नको.

तापमानाचा सेन्सर एनटीसी जातीचा, २५ अंशांना १० किलोओहमचा आहे. तापमान वाढले की याचा रोध घटतो. त्यामुळे वायर तुटून रोध अनंत झाला, की कंट्रोलरला पाणी अतिथंड भासते. चांगला कंट्रोलर अशा वेळी बिघाड दाखवून बर्नर बंद करतो. आपला करतो का, हे वायर काढूनच पाहावे लागेल. शिवाय सेन्सर सध्या पॉकेटमधून (पाण्यात बसवलेल्या त्याच्या नळीतून) बाहेर काढून पाइपच्या इन्सुलेशनवर पट्टीने बांधला आहे. तिथे तो पाण्याचे खरे तापमान सांगूच शकत नाही.

सेन्सरच्या वायरी पंपाच्या पॉवर केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नयेत, आणि बॉयलरजवळ सिलिकॉन आवरणाची केबल वापरावी. साधी पीव्हीसी सहसा ७० अंशांपर्यंतचीच असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तेव्हा त्याचा अलार्मही याच कामात बसवून घ्यावा.

जंपर निघेपर्यंत बर्नर कृपया बंद ठेवावा. गैरसोय होईल, माझ्या घरातही वयस्कर माणसे आहेत, तरीही ही विनंती करतो. काम संपल्यावर प्रत्येक स्विच प्रत्यक्ष ट्रिप करून दाखवावा, त्याची लेखी नोंद घ्यावी आणि त्यानंतरच ठेकेदाराचे अंतिम बिल मंजूर करावे. चाचणीची वेळ कळवल्यास मी हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक सभासद