नव्याने आलेल्यांना हात द्या

महोदय,

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना देवळाली कॅम्पात आसरा मिळाला. आज त्यांची नातवंडे अस्सल नाशिककर आहेत. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहार, ओडिशातून आलेल्यांना आपण अजून ‘बाहेरचे’च म्हणतो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत गावाकडच्या कार्डावर इथेही धान्य मिळते, हे त्यांतल्या अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरी पालक शाळेच्या दारातून परत फिरतात. कायदा दाखवून भांडायला सोबत कोणीतरी लागते. आपल्या गणेश मंडळांची कार्यालये वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात. तिथे रविवारी दोन तास अर्ज भरून देणे, बोलीभाषेतली मराठी शिकवणे सहज जमेल. (‘मराठी बोला’ म्हणून दम भरणारे पुष्कळ, शिकवायला बसणारे किती?) सिंहस्थाच्या कामांसाठी आणखी मजूर येतील. त्याआधी महापालिकेने इच्छुक मंडळे व महिला बचत गटांची बैठक बोलवावी आणि प्रत्येक विभागीय कार्यालयात हिंदी जाणणारा एक मदतनीस नेमावा.

– एक निवृत्त शिक्षिका, सिडको, नाशिक