ऑइल प्रेशर पडलं म्हणून इंजिन खोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींवर आलेला लेख वाचला. चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. तेव्हापासून या विषयावर माझ्या वाचनात आलेलं मराठी लिखाण बहुतेक कौतुकापुरतंच आहे. तुमच्या लेखाने निदान इंजिनाच्या पोटात डोकावायचा प्रयत्न केला, म्हणून हे पत्र. मात्र डोकावताना घोटाळा झाला आहे.

लेखातल्या गृहस्थांच्या रोटरी इंजिनाचं ऑइल प्रेशर कमी दिसू लागलं. ‘बेअरिंगं गेली’ म्हणून मेकॅनिकने इंजिन पार खोललं, बेअरिंगं ठणठणीत निघाली, आणि शेवटी दोष कुणाच्या माथी, तर इंजिनाच्या जातीच्या. मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये इंजिनांवर काम करत निवृत्त झालो. हल्ली वसईच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या सहकाऱ्याचा मुलगा बांधत असलेल्या दोन आसनी विमानाच्या अशाच इंजिनावर फुकट राबतो. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी चित्राबद्दल. लेखासोबत छापलेलं इंजिन पहिल्या महायुद्धातलं आहे. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला असे आणि सिलिंडरांचा अख्खा गोल पंख्याबरोबर गरगरा फिरे. एरंडेल तेल एकदा वापरून बाहेर फेकलं जाई, ते परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, यायचा प्रश्नच नव्हता. वैमानिक तेलाचा दाब मोजत नसे, समोरच्या काचेच्या बाटलीत तेलाची उसळी दिसते ना, एवढंच पाहत असे. नाव तेवढं एकच, ‘रोटरी’; लेखातल्या गृहस्थांचं इंजिन त्या कुळातलं नाहीच. ते फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं, १९५७ साली जर्मनीत पहिल्यांदा चाललेलं आणि पुढे माझदाने मोटारींत रुळवलेलं. आमच्या शेडमधलंही तेच, माझदाचं १३बी मॉडेल. त्यात ६५४ सीसीची दोन दालनं, प्रत्येकात एक तिकोनी रोटर. ना व्हॉल्व्ह, ना पिस्टन. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. ‘जन्मजात बेभरवशाचं’ म्हणायचं तर १९९१ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या चार रोटरवाल्या इंजिनाने जिंकली, ती कशी?

आता तेलाकडे. या इंजिनात तेल नुसतं वंगण नव्हे. रोटर आतून तेलानेच थंड होतात, आणि इंजिनाने टाकून द्यायच्या उष्णतेतला सुमारे एक तृतीयांश भाग तेलातून बाहेर पडतो असं जाणकार धरतात. चेंबरमधून तेल ओढणाऱ्या पिकअपच्या नळीने तेल पुढच्या कव्हरामागच्या पंपात जातं. पंप शाफ्टवरच्या साखळीने फिरतो. तिथून बाहेर कूलरला, कूलरमधून इंजिनाच्या मागच्या बाजूला, मग फिल्टर, मग बेअरिंगं आणि रोटर. गेजला दाब कळवणारा सेंडर बहुधा फिल्टरच्या आसपास असतो. म्हणजे गेज जो दाब सांगतं तो पंपाचा नव्हे, कूलर आणि फिल्टर पार करून उरलेला. ही वाट कळली की काटा पडल्यावर काय काय तपासायचं ते आपोआप कळतं, आणि इंजिन खोलणं त्यात सगळ्यात शेवटी येतं.

सगळ्यात आधी गेज. इथे थोडं थांबतो, कारण आमच्या शेडमधली अर्धी कथा इथेच संपली. मुलाने दारुखाना नावाच्या भंगारबाजारातून जहाजाच्या भंगारातलं एक सुरेख जर्मन गेज आणलं, पितळी कडं, काच शाबूत. सेंडर दुसऱ्या दुकानातून घेतला. गरम इंजिन पाच हजार आरपीएमवर नेलं तरी काटा ३५ पाउंडांच्या (दर चौरस इंचाला) पुढे जाईना. तिथे ७०च्या आसपास हवेत. “काका, बेअरिंगचा सेट मागवू का?” म्हणून विचारायला आला. मी म्हटलं, “अरे, आधी काटा खरं बोलतोय का ते तरी बघू.” सेंडर काढून त्याच्या भोकात साधं नळीवालं यांत्रिक गेज लावलं. सत्तराला दोन कमी. गेज पाच किलो दाबापर्यंतच्या पट्टीचं होतं आणि सेंडर दहा किलोच्या (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला). दोन्ही पट्ट्यांचे सेंडर दहा ते एकशे ऐंशी ओहमचेच मिळतात, दिसायलाही सारखे. त्यामुळे काटा इमानेइतबारे निम्मा दाब दाखवत होता. सेंडरच्या आट्यांना भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग तुटतं आणि काटा भलतंच सांगतो, हेही याचंच चुलत भावंड. लेखातल्या गृहस्थांनी दुसरं गेज लावून पाहिल्याचा उल्लेख कुठेच नाही. शंभर रुपयांच्या कामाआधी लाखाचं काम केलं गेलं.

गेज खरं निघालं तर पुढचा प्रश्न, तेल किती गरम होतं? नुसतं ‘प्रेशर ४० होतं’ या वाक्याला अर्थ नाही. किती आरपीएमवर आणि किती अंशांवर, हे सोबत हवं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये विमान उभं ठेवून इंजिन चालवलं की कूलरला उडताना मिळतो तसा वारा लागत नाही, तेल बघता बघता शंभरी ओलांडतं आणि पातळ होतं. आम्ही कूलरसमोर मोठा फॅन लावतो आणि तेल ८० अंशांवर स्थिरावल्याशिवाय वहीत आकडा लिहीत नाही. तेलाची पातळी आणि वासही बघावा. डिपस्टिकवर तेल भरल्यापेक्षा वर आलेलं दिसलं तर आनंद मानायचा नाही. त्यात पेट्रोल उतरलेलं असतं. इंजेक्टर गळका असेल किंवा चालू-बंद फार झालं असेल तर या इंजिनात हे लवकर होतं, आणि पेट्रोल मिसळलेल्या तेलाला दाब धरवत नाही.

काटा कधी पडतो यावरूनही बरंच कळतं. स्लोवर, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू असताना, ठीक आणि आरपीएम चढवताच घसरण, हे बेअरिंगचं लक्षण नव्हे. बेअरिंग सैल झालं तर उलट होतं, गरम इंजिन स्लोवर रडतं आणि वर सावरतं. आरपीएमबरोबर पडणारा दाब म्हणजे पंपाला पुरेसं तेल मिळत नाही किंवा पुढे जाऊ दिलं जात नाही. विमानात इंजिन बसवताना खाली जागा नसते, म्हणून हौशी मंडळी चेंबर कापून उथळ करतात आणि पिकअपची जाळी तळाला जवळजवळ टेकते. शहाळ्यातली नळी तळाला दाबून धरली की खोबरं ओढलं जातं, पाणी येत नाही, तसंच ते. नळीच्या जोडावरचं पॅकिंग फाटकं असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि काटा थरथरतो. नाक वर केल्यावर किंवा वळणात काटा पडत असेल तर तेल जाळीपासून दूर सरकतंय. त्यासाठी चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या हव्यात, नवं बेअरिंग नव्हे.

‘पुढे जाऊ दिलं जात नाही’ याचा अर्थ कूलर. मोटारीच्या एसीचे कोर, भंगारातले कूलर, बारीक भोकाचे काटकोनी जोड, हे सगळं विमानात सर्रास वापरलं जातं. वाट अरुंद झाली की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल चेंबरमध्ये परत सोडतो, आणि मागे गेजपर्यंत कमी दाब पोचतो. पंप निर्दोष, बेअरिंगं निर्दोष, तरी काटा खाली. कूलरच्या आधी आणि नंतर एकेक गेज लावून फरक बघायला अर्धा तास लागतो. मागच्या बाजूला फिल्टरजवळचा दाब आवरणारा रेग्युलेटर कचऱ्याने उघडा अडकला असेल तर तोही इंजिन न खोलता निघतो. पंख्याच्या रिडक्शन गिअरबॉक्सला तेल नेणारी नळी असेल तर तिच्यातल्या जेटचं भोक मोठं नाही ना, हेही बघून घ्यावं.

आमच्या इंजिनाचं दुसरं दुखणं मात्र खरं होतं. गेज बदलल्यावर थंड असताना दाब उत्तम, गरम झालं की स्लोवर १२ पाउंड. २० ते ३० तरी हवेत. वर वर्णन केलेलं बेअरिंगचं लक्षण हेच, आणि मुलाचा चेहरा पडला. पण या इंजिनात याच लक्षणाचा एक वाईट नावाजलेला चोर आहे. पुढचं कव्हर आणि पुढची लोखंडी प्लेट यांच्यामध्ये तेलाचा रस्ता ओलांडतो तिथे एक छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते. कव्हराचं पॅकिंग जाड पडलं की ती नीट दाबली जात नाही, आणि गरम तेलाच्या दाबाने एके दिवशी फुगून बाहेर येते.

ते पक्कं करायला इंजिन खोललं नाही. स्टँडवर उभ्या इंजिनाचा चेंबर सोडवला, कूलरचे दोन्ही पाइप काढले. फवारणीच्या पंपासारख्या भांड्यात गरम तेल भरून हाताने दाब दिला. मागच्या तोंडातून दिला तेव्हा बेअरिंगांतून थेंब थेंब, जसे यायला हवेत तसे. पुढच्या तोंडातून दिला तेव्हा थोडं तेल पंपातून उलटं फिरून पिकअपच्या नळीतून आलं, ते अपेक्षितच होतं. पण कव्हराच्या मागून, एकाच जागेवरून, पेन्सिलीएवढी धार लागली. मुलगा खाली झोपून टॉर्च धरून बघत होता. धार त्याच्या कानावर पडली तरी हलला नाही. पुढचं कव्हर काढलं तेव्हा ओ-रिंगचा एक भाग खाचेबाहेर जिभेसारखा लोंबत होता. नागदेवी स्ट्रीटवरून व्हिटॉन रबराची नवी रिंग आणली, मागे टेफ्लॉनची पातळ रिंग आधाराला दिली, पॅकिंगची जाडी मोजून घेतली. गरम, स्लोवर, २६ पाउंड.

शाफ्टच्या पुढच्या टोकात तापमानावर चालणारं, झडपेचं काम करणारं पेलेटही असतं. ते थकलं तरी स्लोवर दाब गळतो, म्हणून बरेच जण त्या जागी भरीव प्लग बसवतात. शर्यतीच्या इंजिनातून काढलेला शाफ्ट असेल तर रोटरवर तेल मारणाऱ्या जेटमधल्या गोळ्या-स्प्रिंगा आहेत का ते पाहावं. नसतील तर स्लोवर दाब कमी दिसणारच, तो दोष नव्हे. एवढं सगळं झाल्यावर मग बेअरिंग.

हे सारं जमिनीवरचं. हवेत काटा पडला तर गेज खरं की खोटं यावर चर्चा करत बसायचं नाही, इंजिन चालू आहे तोवर उतरायचं. म्हणूनच गेजशिवाय वेगळा प्रेशर स्विच आणि त्याचा लाल दिवा प्रत्येकाने बसवावा. दोघांची वायरिंग वेगळी असावी.

संपादकांना विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चित्राची आणि ‘जन्मजात दोषा’ची दुरुस्ती छापावी. त्या गृहस्थांना निरोप द्यावा की खोललेलं इंजिन जोडताना पुढच्या कव्हराची ओ-रिंग जुनी घालू नका आणि जोडून झाल्यावर पहिल्या स्टार्टआधी मला बोलवा. यांत्रिक गेज मी माझं आणीन. विरारपर्यंत लोकलने केव्हाही येतो, त्यापुढे राहत असाल तर सकाळची वेळ द्या.

आपला,
एक निवृत्त विमान-तंत्रज्ञ
विलेपार्ले (पूर्व), मुंबई