पुस्तकातले 100 अंश आणि वर्गातले 98

महोदय,

अंबाजोगाई तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून विज्ञानाच्या पुस्तकाविषयीचा एक अनुभव आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावा, यासाठी हे पत्र.

दहावीच्या विज्ञान भाग 1 मध्ये उष्णतेच्या प्रकरणात एक सुंदर कृती आहे. बर्फाचे तुकडे भांड्यात घ्यायचे, त्यांना उष्णता द्यायची आणि पाणी उकळेपर्यंत दर मिनिटाला तापमान नोंदवायचे. बर्फ आमच्या गावात मिळत नाही. तो मी तालुक्याच्या रसवंतीतून गोणपाटात गुंडाळून आणतो. यंदा पाणी चांगले खदखदू लागले तरी पारा 98 अंशांच्या आसपासच थांबला. दुसरी तापमापी लावून पाहिली, तीही तेच दाखवत होती. त्यात नवल काही नव्हते, कारण बालाघाटच्या या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असतो आणि त्यामुळे पाणी 100 अंशांच्या थोडे आधीच उकळते. परंतु वह्या पाहिल्या तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी 100 लिहिले होते. पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारले, "तुला किती दिसलं?" ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव, सर." "मग शंभर का लिहिलंस?" "पुस्तकात तर शंभरच दिलंय की, सर."

त्या मुलीला मी दोष देत नाही. कृतीखालीच तयार आलेख छापलेला असतो, निष्कर्षही लगेच दिलेला असतो. मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आकड्यावर ती कशाच्या बळावर विश्वास ठेवणार? 100 अंश हा आकडा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण दाबालाच लागू आहे, ही अट तिच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक त्या दोन अंशांच्या फरकातून हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध जितका स्पष्ट झाला असता, तितका तो माझ्या तासाभराच्या बोलण्यातून होत नाही. 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटींमुळे ही पुस्तके पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झाली आहेत, हे मी मनापासून मान्य करतो; पण उत्तर त्याच पानावर असेल तर डोके चालवायची वेळच येत नाही.

दुसरी अडचण शब्दांची आहे. आपल्या घरोघरी आंबा उष्ण असतो, ताक थंड असते, अंगात उष्णता झाली की सब्जा भिजवून देतात. 'उष्णता' हा पदार्थाचा अंगचा गुण, असा अर्थ मनात पक्का करूनच मूल वर्गात येते आणि पुस्तक मात्र व्याख्येपासून सुरुवात करते. बर्फ वितळायला 80 आणि पाण्याची वाफ व्हायला 540 कॅलरी प्रति ग्रॅम उष्णता लागते, हे आकडे माझ्या वर्गात सर्वांना पाठ आहेत. तरीही माठातले पाणी गार का होते, असे विचारल्यावर "माती थंड असते" हेच उत्तर आले. माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी वाफ होताना उरलेल्या पाण्यातूनच उष्णता घेते, आणि म्हणूनच माठ मे महिन्याच्या कोरड्या हवेत गार करतो तितका श्रावणात करत नाही, हे त्यांना त्या 540 शी जोडता आले नाही. अप्रकट उष्मा (तापमान न वाढता पदार्थाची अवस्था बदलायला लागणारी उष्णता) आणि हवेची आर्द्रता हे दोन्ही विषय एकाच प्रकरणात असूनही ही जोडणी राहून जाते.

नव्या पुस्तकांत आलेखाची जागा कोरी ठेवावी, निष्कर्ष प्रकरणाच्या शेवटी द्यावेत, कृतीपूर्वी 'तुम्हांला काय वाटते?' असे विचारून मुलांचे उत्तर लिहून घ्यावे आणि "तुमच्या गावात पाणी किती अंशांना उकळले?" हा प्रश्न आवर्जून घालावा. तसेच पुस्तक छपाईला जाण्यापूर्वी पाठ्यपुस्तक मंडळाने मराठवाड्यातल्या चार-दोन खेड्यांतील शाळांमधून मुलांच्या प्रयोगवह्या मागवून पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक, ता. अंबाजोगाई, जि. बीड