अण्णांच्या खिशातला कागद

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा अण्णांच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढलेला माणूस रोज सकाळी रंकाळ्यावर फिरून येतो. हे लिहितानाही डोळे भरून येतात.

तुमच्याकडे येण्याआधी चार महिने आम्ही खोकल्याची औषधं बदलत बसलो होतो. हिमोग्लोबिन ९.४, म्हणून लोहाच्या गोळ्या. प्लेटलेट ५ लाख ८० हजार, त्यावर "वाढल्यात, चांगलंच आहे की!" म्हणून आमची बोळवण झाली. आम्हालाही पटलं. पेठेत डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट किती उतरल्या एवढंच आपण विचारतो. त्या वाढणंही वाईट असू शकतं, हे आम्हाला कुठून कळणार? ज्यांना कळायला हवं होतं, त्यांनी रिपोर्ट नीट बघितलासुद्धा नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही त्या चार महिन्यांतले तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी मांडलेत. "लोह कमी असलं तरी प्लेटलेट वाढतात, पण कॅन्सरची गाठ असली तरीही वाढतात. सीटी स्कॅन करूया," म्हणालात. आणि नंतर सीटी आल्यावर माझ्याशी बोलता बोलता थांबलात, कारण अण्णा म्हणाले, "मला बी सांगा की, आजार माझा हाय."

तुम्ही खुर्ची त्यांच्याजवळ ओढलीत. रिपोर्ट उलटा करून निळ्या पेनानं मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलंत: हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी जास्त, प्लेटलेट जास्त, गाठ एकाच जागी. "आकडे असे असले की ऑपरेशननंतरची वाट जरा अवघड असते, खोटं सांगणार नाही. पण गाठ पसरलेली नाही, हे त्याहून मोठं आहे." आणि कागद माझ्या हातात न देता त्यांच्या हातात दिलात. साठ-सत्तर पेशंट बाहेर बसलेले असताना माणसाला माणूस म्हणून वागवायला किती वेळ लागतो? तुम्हाला पाच मिनिटं लागली. तेवढीच बाकीच्यांकडे नव्हती.

ऑपरेशननंतर प्लेटलेट आणखी चढल्या आणि आम्ही हादरलो, तेव्हाही "जखम भरताना वाढतात, थोडे आठवडे जाऊ द्या," हा तुमचाच फोन.

तो कागद अजून अण्णांच्या बंडीच्या खिशात आहे, घड्यांवर फाटलेला. परवाचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी त्याच कागदाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: प्लेटलेट २ लाख ८६ हजार. म्हणजे आता अगदी नॉर्मल. पुढच्या तपासणीला तो दाखवायला आणणार आहेत, आणि सोबत नव्या गुळाची ढेप. नाही म्हणू नका.

आपली,
अण्णांची थोरली सून
मंगळवार पेठ, कोल्हापूर